टोपडं घातलेले दिवे

गाड्या पासिंग करायचं मैदान आणि माझी टपरी यांच्यामध्ये एक बाभूळ, एक चहाची गाडी आणि साधारण पन्नास पावलं आहेत. कुठलं मैदान ते सांगत नाही. अशी मैदानं काही एकच नाही आणि खेळ सगळीकडे तोच चालतो, मग एकट्यादुकट्याचं नाव घेऊन त्याला उगाच मोठं का करा? माझा धंदा गाड्यांच्या वायरिंगचा. दिवे बसवणं आणि दिवे उतरवणं. नंदुरबार जिल्ह्यात या दोन्ही कामांना बारा महिने गिऱ्हाईक असतं, आणि गंमत म्हणजे ते एकच गिऱ्हाईक असतं.

पासिंगच्या दिवशी सकाळी ट्रक माझ्यासमोर रांग लावतात. मी त्यांचे जास्तीचे दिवे उतरवतो. कॅबिनच्या टपावरचे चार, बंपरवरचे दोन, आरशाखालचे निळे, जाळीतले हिरवे-तांबडे, आणि एखाद्या हौशी मालकानं देवाच्या फोटोभोवती लावलेली लुकलुकती माळसुद्धा. प्रत्येक गाडीचे दिवे एका खिळ्यावर लटकतात आणि खाली खडूनं गाडीचे शेवटचे चार आकडे. ज्याच्याकडे आग विझवायचं नळकांडं नसेल, त्याला तेही मिळतं. माझ्याकडचं एकच नळकांडं इतक्या गाड्यांतून पास झालंय की त्याला एखादी पदवी द्यायला हरकत नाही. मग गाडी न्हाऊन-धुऊन शाळेत निघालेल्या पोरासारखी मैदानात जाते. साहेब तिच्याभोवती एक फेरी मारतात, कागदावर सही होते, आणि गाडी पन्नास पावलं मागे येऊन पुन्हा माझ्यासमोर उभी राहते. मी दिवे पुन्हा चढवतो. हे सगळं साहेबांच्या डोळ्यांदेखत चालतं, कारण साहेबांचा चहा माझ्या शेजारच्याच गाडीवर असतो. एकदा तर कप हातात धरून त्यांनी मला सांगितलं, "अहो, तो डावीकडचा वाकडा बसतोय." मी तो सरळ केला. सरकारी सूचना पाळायची मला सवय आहे.

हे सगळं मी हसत हसत सांगतो, पण आधीच एक सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला नुसता विनोदी माणूस समजणार नाही. या दिव्यांच्या धंद्यात माझ्या हातून एका बाईचा जीव जाता जाता राहिला. माझ्या मोठ्या भावाला दिसेनासं होत चाललं होतं, आणि मी त्याला एकामागून एक दिवे बसवून देत होतो. मला त्यातलं काही कळलं नाही. किंवा असं म्हणू, कळून घ्यायची गरज वाटली नाही.

तर दिवे. आमच्या टपरीवर एक पुस्तक आहे, मोटार वाहनांच्या नियमांचं. त्याला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय आणि दिव्यांच्या पानांवर कोपरे दुमडलेत. बाकीचे इलेक्ट्रिशियन तारा जोडतात, मी नियम सांगतो. त्यामुळे मला लोक अर्धा वकील म्हणतात आणि तो अर्धा म्हणजे शिवी आहे हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. नियम तसे साधे आहेत. पुढच्या बाजूला तांबडा दिवा दिसता कामा नये. समोरच्याच्या डोळ्यांवर उजेड येता कामा नये. धुक्याचे दिवे लावा, पण खाली, बंपरजवळ. आणि पुढच्या बाजूला झोतदिवा, शोधदिवा असलं काही बसवायचं नाही. बसवायचाच असेल तर अपवादात्मक परिस्थितीत, तेही नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन. हे शेवटचं वाक्य वाचलं तेव्हा मला गुदगुल्या झाल्या. कायद्यात एक खिडकी उघडी सापडली की अर्ध्या वकिलाला जो आनंद होतो, तो पूर्ण वकिलाला होत नसेल.

हे दिवे ज्या खोक्यातून येतात, त्यावर इंग्रजीत बारीक छापलेलं असतं, फक्त ऑफ रोड वापरासाठी. म्हणजे रस्त्यावर लावायचे नाहीत, रानात, शेतात, खाणीत लावा. एकदा महामार्गावर एका तपासणीच्या साहेबांनी दादाला, म्हणजे माझ्या याच भावाला, अडवलं आणि मला फोनवर घेतलं. म्हणाले, "खोक्यावर काय लिहिलंय ते वाचता येतं ना तुम्हाला?"

मी शाळेतली मराठी काढली. साहेबांशी बोलताना मी तीच वापरतो, घरात ती कुणाला लागत नाही. म्हटलं, "साहेब, खोक्यावर लिहिलंय तसंच वापरतो. ही गाडी धडगावला जाते. तिथला रस्ता बघितला तर तुम्हीच सांगाल, हे ऑफ रोडच आहे."

साहेब हसले आणि त्यांनी पावती फाडली. हसणं वेगळं, पावती वेगळी.

त्या पावतीवरूनच आमच्याकडे टोपड्यांचा शोध लागला. कुणीतरी सांगितलं की दिवा झाकलेला असेल तर तो दिवा धरत नाहीत. हे कुठे लिहिलंय ते माझ्या पुस्तकात मला आजवर सापडलेलं नाही, पण सगळे ड्रायव्हर ते गीतेवर हात ठेवून सांगतात. मग माझ्या बायकोनं शिलाई मशीन टपरीत आणलं आणि जुन्या सीटच्या रेक्झिनची टोपडी शिवायला सुरुवात केली. अगदी बाळंतविड्यातलं असतं तसं, नाडीसकट. सपाटीवर दिव्यांना टोपडं, घाटाच्या पायथ्याला टोपडं काढायचं. तळोद्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला थांबून दाढीमिशांचे चांगले बापे आपापल्या गाड्यांची टोपडी सोडताना दिसले, की आमच्याकडे बारशाला आल्यासारखं वाटायचं. ब्राह्मणपुरीच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं तर आपल्या गाडीसाठी कुंच्या मागितल्या, झालर लावून. बायकोनं त्या शिवल्या. तिला कायद्याशी काही घेणं नव्हतं, पण तिचं काम माझ्यापेक्षा सुबक होतं हे मला मान्य करावं लागेल.

आता दादाबद्दल. आम्ही मूळचे रनाळ्याचे. तो माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा, माझ्या शाळेची पाटी त्यानंच आणलेली. त्याचा स्वतःचा एकच ट्रक, सहाचाकी, जुना. नंदुरबारहून सिमेंट, पत्रे, किराणा भरायचा आणि घाट चढून धडगावच्या बाजूला पोहोचवायचा. हा घाट तो इतकी वर्षं चढत होता की वळणांनी त्याला ओळखायला हरकत नव्हती.

पहिल्यांदा तो दोन फॉग लाइट मागायला आला. पावसाळ्यात घाटात धुई उतरते, तेव्हा लागणारच. मी बसवले. पुढच्या वर्षी म्हणाला, उजेड कमी पडतो. मी टपावर चार हॅलोजन लावले. त्याच्या पुढच्या वर्षी आला तर म्हणे ते पिवळट आहेत. मग एलईडीचा लांबलचक बार. मग आरशांच्या खाली दोन, रस्त्याची कड दिसायला. बटणं लावायला डॅशबोर्डवर जागा उरली नाही, तेव्हा मी देवाचा फोटो चार बोटं वर सरकवला. देवानं काही तक्रार केली नाही. मला तर कामाचा अभिमानच होता. अख्ख्या जिल्ह्यात एवढ्या रिले आणि इतकं नीट वायरिंग असलेली दुसरी गाडी नव्हती. त्या वर्षी काठी गावच्या होळीला जाणाऱ्यांचा किराणा घेऊन दादा संध्याकाळी वर पोहोचला, तर पोरं म्हणाली, आता होळी पेटवायची गरज नाही, ही गाडीच उभी करा मैदानात. हे मी इथे टपरीवर आल्यागेल्याला किती वेळा सांगितलं असेल त्याला हिशोब नाही.

मग मागच्या पावसाळ्याच्या तोंडाला दादा पुन्हा आला. म्हणाला, "टपवर फिरस तसा फोकस बसाड. मी बठ्ठीकडे फिराई सकसू असा."

म्हणजे टपावर चारी दिशांना फिरवता येईल असा शोधदिवा. मी विचारलं, "कितला वॅटना पाहिजे?"

"मोठामा मोठा," तो म्हणाला.

पण त्या आधीच्या सहा महिन्यांत त्याला दिव्यांपायी तीन पावत्या झाल्या होत्या आणि चौथ्या वेळी गाडीच उभी करू, असं त्याला सांगितलं गेलं होतं. टोपड्यांचा उपयोग संपला होता. एका साहेबांनी तर टोपडं स्वतः सोडून, दिवा बघून, पुन्हा नाडी बांधून दिली आणि मग पावती फाडली. तेव्हा मी ठरवलं, या वेळी कायद्यानं जायचं. अपवादात्मक परिस्थिती. पूर्वपरवानगी. दुमडलेलं पान उघडून मी दादाला वाचून दाखवलं. सगळ्या गाड्या चोरून-मारून दिवे लावतात, आपण लावू ते सरकारच्या सहीचे! दादानं नुसती मान डोलावली. तो तसाही कमीच बोलतो.

अर्ज मी स्वतः लिहिला. दोन पानं. त्यात सातपुडा होता, धुई होती, दरडी होत्या, एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर होता. वाचताना माझंच काळीज हललं. ऑफिसातल्या बाबूनं तो अर्ज चष्मा वर करून, खाली करून, दोन्ही बाजूंनी वाचला. मग म्हणाला, "हे सगळं खरं आहे?"

"शब्द न् शब्द, साहेब."

"हा घाट इतर गाड्यांनाही असाच आहे ना? का त्यांना वेगळा लागतो?"

"सगळ्यांना सारखाच आहे."

"मग सगळ्यांना सारखीच परिस्थिती असेल, तर ती अपवादात्मक कशी?"

मी पुष्कळ हुशार माणसं बघितलीत, पण त्या बाबूसारखा प्रश्न मला कुणी टाकला नव्हता. म्हणजे रस्ता एकालाच वाईट असेल तर अपवाद. सगळ्यांनाच वाईट असेल तर तो नियम, मग परवानगी कशाला? चांगला रस्ता मागावा तर ते खातं वेगळं, मजला वेगळा, आणि तिथला माणूस रजेवर. मी वाद घालायला तोंड उघडलं, तर बाबूनं दादाकडे बघितलं आणि सरळ विचारलं, "काका, तुमच्याच गाडीला एवढा मोठा दिवा का लागतो? असं काय वेगळं आहे तुमचं?"

दादा खिडकीच्या गजाला धरून उभा होता. तो बाबूकडे बघत होता, म्हणजे बाबूच्या दिशेला बघत होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. मीच मध्ये पडलो. म्हटलं, "साहेब, तो जुना माणूस आहे, त्याला कायद्याचं बोलता येत नाही. मी सांगतो."

त्या दिवसाची मला आज सगळ्यात जास्त चीड येते. एका सरकारी माणसानं, चुकून का होईना, बरोबर प्रश्न बरोबर माणसाला विचारला होता, आणि मी मधे तंगडी घातली.

अर्जाला लायसनची झेरॉक्स जोडायची होती. ती होतीच, कारण आदल्या वर्षी लायसनचं नूतनीकरण मीच करून आणलं होतं. त्या फॉर्मवर एक प्रश्न असतो. पंचवीस मीटरवरून, चांगल्या दिवसाउजेडी, गाडीच्या नंबरपाटीवरची अक्षरं आणि आकडे प्रत्येक डोळ्यानं ओळखता येतात का? हा प्रश्न ज्याला विचारायचा, त्यानंच उत्तर द्यायचं. परीक्षेत पेपर आणि तपासणी दोन्ही विद्यार्थ्याकडे. आमच्याकडे तर तेवढंही कष्टाचं वाटतं, म्हणून उत्तर मी देतो. त्या दिवशी माझ्यासमोर आठ ड्रायव्हरांचे आठ फॉर्म होते आणि मी आठही ठिकाणी 'होय' लिहिलं. दादा समोरच्या बाकावर बसून चहा पीत होता. डॉक्टरचा दाखलाही गठ्ठ्यानंच झाला. डॉक्टरांनी आठ शिक्के मारले आणि त्यातल्या एकाचाही डोळा बघितला नाही, कारण आठपैकी एकही जण तिथे आलेला नव्हता. दिव्याची काच, रंग, उंची, तोंड कुठे, बटण कुठे यावर कायद्यानं पानंच्या पानं खर्ची घातलीत. त्या दिव्याच्या मागे जो माणूस बसतो, त्याच्या डोळ्यांसाठी एक 'होय' पुरतो. हे मी टपरीवर विनोद म्हणून सांगायचो. लोक हसायचेही.

शेवटी बाबूनं वाट काढून दिली. म्हणाला, परिस्थितीचे फोटो जोडा, व्हिडिओ आणा, मोठ्या साहेबांना दाखवू. मला तेवढंच हवं होतं. श्रावणातल्या एका दुपारी मी टपरी बायकोवर टाकली, मोबाइल पूर्ण चार्ज केला आणि दादाच्या शेजारी कॅबिनमध्ये जाऊन बसलो. कितीतरी वर्षांनी त्याच्या गाडीत बसत होतो. पुरावा गोळा करायला निघालेला वकील जसा बसतो, तसा ऐटीत.

घाटाच्या पायथ्याशी दादानं चहाला गाडी थांबवली. चहा झाला. दुसरा झाला. मी म्हटलं, "दादा, चाल ना आते, उजेड शे तवलग व्हिडिओ काढना शे."

"थांब," तो म्हणाला. "एसटी ई जाऊ दे."

मला वाटलं, समोरून मोठी गाडी नको म्हणून. तर एसटी आली ती आमच्याच बाजूनं, धडगावला जाणारी. ती पुढे गेली आणि दादानं लगेच चावी फिरवली, आणि तिच्या मागे लागला. जवळजवळ चिकटून. ती वळली की हा वळायचा, ती हळू झाली की हा हळू. मी म्हटलं, थोडं अंतर ठेव की. त्यानं मान हलवली आणि अंतर काही ठेवलं नाही. तेव्हासुद्धा मला काही समजलं नाही. माझं लक्ष मोबाइलमध्ये होतं. मी धुई यायची वाट बघत होतो, पाहुण्याची बघावी तशी.

अर्ध्या घाटात ती आली. चार वाजले असतील, पण वर ढग आणि समोर सगळं पांढरं. दादानं हात लांबवला आणि मी बसवलेली बटणं एकामागून एक दाबली. फॉग, टप, बार, बाजूचे. सगळी गाडी उजळली आणि समोर कुणीतरी चुन्याची भिंत उभी केल्यासारखं झालं. मी खूश होऊन रेकॉर्डिंग सुरू केलं. म्हटलं, याला म्हणतात अपवादात्मक परिस्थिती! एसटीचे मागचे दोन तांबडे ठिपके मला अंधूक दिसत होते. ते मोठे झाले. आणखी मोठे झाले. म्हणजे एसटी थांबली होती.

आमची गाडी थांबली नव्हती.

एसटीच्या मागून एक म्हातारी बाई रस्ता ओलांडायला निघाली होती. डोक्यावर गाठोडं, काखेत पिशवी. आत्ताच उतरली असणार आणि पलीकडच्या पायवाटेला लागायचं असणार. मी तिला मोबाइलच्या काचेत बघितलं आणि क्षणभर ती मला पुराव्याचाच भाग वाटली. मग मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. दादानं ब्रेकवर उभा राहिल्यासारखा पाय दाबला, मागच्या सिमेंटच्या गोण्या धडाधड पुढे सरकल्या, चाकं चिखलात घसरली, आणि गाडी थांबली तेव्हा बंपर आणि ती बाई यांच्यामध्ये एक हात जागा होती. एक हात म्हणजे मी नंतर उतरून स्वतःच्या हातानं बघितलं.

ती पळाली नाही. तिनं पळायचं कुठे, तिला काही दिसतच नव्हतं. माझे सगळे दिवे तिच्या तोंडावर होते. तिनं कोपर डोळ्यांवर धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं गाठोडं सांभाळलं होतं, आणि ती तशीच उभी होती.  मी मोजून सांगू शकलो असतो की त्यातला कोणता दिवा मी कधी बसवला.

दादा म्हणाला, "काय व्हतं? ढोर का मानूस?"

त्याचं डोकं सरळ त्या बाईकडे होतं. ती समोर उभी होती, दिवाळीच्या बाजारात नसेल एवढ्या उजेडात. आणि तो मला विचारत होता.

मी म्हटलं, "मानूस शे, दादा. बाई शे."

त्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. मग चाचपडत बटणं बंद केली, सगळी. आणि मला आजही ज्याची लाज वाटते ती गोष्ट ही की दिवे विझल्यावर रस्ता मला जास्त दिसायला लागला. धुईवर आपटून परत येणारा उजेड थांबला आणि कठडा दिसला, एसटी दिसली, पायवाट दिसली. दिवे खाली आणि कमी ठेवा, हे त्या पुस्तकात कुणीतरी विचार करून लिहिलं होतं. मी त्या पुस्तकाला कव्हर घातलं होतं.

मी खाली उतरलो आणि हात जोडले. बाई माझ्यावर पावरीत बरसली. मला पावरी येत नाही, पण ते आशीर्वाद नव्हते एवढं कळलं. बोलून झाल्यावर तिनं गाठोडं नीट केलं आणि ती पायवाटेनं वर निघून गेली, एकदाही मागे न बघता. आम्ही ट्रक कडेला घेतला, म्हणजे मी खाली उभा राहून ओरडत राहिलो आणि दादानं घेतला. चाकांखाली दगड लावले आणि मागून आलेल्या एसटीतून धडगावला गेलो. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या एका ड्रायव्हरनं गाडी वर नेऊन रिकामी केली आणि नंदुरबारला आणली. ती माझ्या टपरीसमोर लागल्यावर मी तिचे सगळे दिवे उतरवले. पासिंग नव्हतं तरीही. चहावाल्यानं विचारलं, आज कोण साहेब येतोय? 

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीण होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिनं दादाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, तसा दादा खुर्चीत मागे सरकला. ती म्हणाली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला. "काका, समोरून जोरात उजेड आला की सगळं पांढरं होतं ना तुम्हाला?"

"व्हस," दादा म्हणाला. होतं.

"कधीपासून?"

"तीन साल व्हयनात."

मी मधे बोललो. बोलायची खोड जात नाही. म्हटलं, "मॅडम, तरी मी त्याच्या गाडीला चांगले दिवे दिलेत, एकदम भारी, एलईडी." मला काय सिद्ध करायचं होतं कोण जाणे.

तिनं बॅटरी खाली ठेवली. "कमी दिसणाऱ्याला दिवे दिलेत? मोतीबिंदूत जितका झगझगाट जास्त, तितकं दिसणं कमी. आणि धुक्यात तर तो सगळा उजेड उलटा यांच्याच डोळ्यांत गेला असेल." मग तिनं विचारलं, "हे ट्रक चालवतात? यांचं लायसन गेल्या दोन-तीन वर्षांत नवं झालंय का? डोळे तपासून दाखला दिला कोणी?" मी म्हटलं, आठवत नाही. दाखला माझ्याच पिशवीत होता, अर्जासोबतच्या कागदांत, शिक्क्यासकट. पिशवी मी पायानं बाकाखाली सरकवली.

पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन आठ दिवसांनी ठरलं. त्या दिवशी सकाळी नर्स दादाच्या डोळ्यांत थेंब टाकून गेली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. त्याला डोळे मिटून ठेवायला सांगितलं होतं. रांगेत रनाळ्याकडचे, शहाद्याकडचे, डोंगरातले, सगळे म्हातारे तसेच डोळे मिटून बसले होते. मला राहवलं नाही. मनात राग होता, त्याच्यावर होता, कारण स्वतःवरचा राग कुठे ठेवायचा ते समजत नव्हतं. तीन वर्षं हा माणूस एसटीच्या शेपटाला धरून घाट चढत होता, वळणं पाठ करून, आणि मला एक शब्द नाही.

मी म्हटलं, "माले काबर सांगं नही, दादा?"

तो डोळे न उघडता म्हणाला, "सांगस कसा? लायसन गयं म्हंजे गाडी गयी. घरमा बसाडी देतात माले बठ्ठा जन."

"पन मी भाऊ शे ना तुन्हा. माले ते सांगता."

  त्यानं हात पुढे करून माझा गुडघा शोधला आणि त्यावर थापटलं, लहानपणी थापटायचा तसं. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"दर साल मी तुन्हाकडे येत व्हतू," तो म्हणाला. "पहिले दोन लाइट मांगात, मंग चार, मंग तो लांबा बार. मी म्हनं, मन्हा सख्खा भाऊ शे, एखादा डाव ते इचारी, दादा, तुले इतला उजेड कसाले लागस? तू एक डाव बी इचारं नही."

नर्सनं आतून नंबर पुकारला आणि मी त्याला दंडाला धरून उठवलं. तो म्हणत होता ते खोटं नव्हतं. मी दर वेळी त्याला विचारलं होतं, पण एवढंच, की किती वॅटचा पाहिजे.